दुर्बिणीत अडकलेले रविवार

मलप्पांनी साहेबाच्या छातीवर बंदूक रोखली आणि बदलीच्या कागदावर सही करून घेतली, असं सध्या लातुरात आमच्या गल्लीत बोललं जातं.

ही बातमी पिकते सिद्धरामच्या खुर्चीत. सिद्धराम दाढी करतो कमी आणि वस्तरा हवेत धरून बोलतो जास्त. "साधी बंदूक न्हाई बरं का! दुर्बिणीची! तिच्यातून बघितलं की शंभर पावलांवरच्या माणसाच्या शर्टाची गुंडी दिसती, गुंडी. मलप्पानं साहेबाची गुंडी धरली नेमात आन् म्हनला, करता का सही?" अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक जागच्या जागी ताठ.

गिरणीपाशी दळण घेऊन उभ्या असलेल्या नीलाबाईंकडे याच्याही पुढची खबर असते. "सही कुठली? आंगठा घेतला म्हनं."

"साहेब माणसाचा आंगठा?"

"मग! भ्यालेल्या माणसाला सही येती व्हय?"

खरी गोष्ट अशी की मलप्पांनी उभ्या जन्मात एकही गोळी झाडलेली नाही. बंदुकीचा घोडा बोटाला गार लागतो की गरम, हेही ते सांगू शकणार नाहीत. बदली मात्र झाली, आणि ती दुर्बिणीमुळंच झाली. त्याआधी ती अडकली होती, तीही दुर्बिणीमुळंच.

मलप्पा एका सरकारी खात्यात खलाशी. खात्याचं नाव सांगायचं नाही, कारण गल्लीतली तीन माणसं अजून तिथं नोकरीला आहेत आणि त्यातल्या एकाच्या घरात आम्ही भाड्यानं राहतो. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. मलप्पांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि गेल्या दोन वर्षांत तर वाहता ओढाही पाहिलेला नाही. मोजणीच्या वेळी साखळी ओढणारा, आकड्यांची पट्टी धरून उन्हात उभा राहणारा आणि जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हलचं दुर्बीणवालं यंत्र तिपाईवर बसवणारा जो गडी असतो, त्याला खलाशी म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून जागोजागी पाझर तलाव निघाले, तेव्हा मलप्पा या कामाला लागले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि खांद्यावर तिपाई. वय पंचवीस. माणिकप्पा नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना यंत्र शिकवलं. माणिकप्पांचं शिकवणं मलप्पा अजून त्यांच्याच घोगऱ्या आवाजात करून दाखवतात.

"यंत्रात काम तीनच. आधी डोळ्याजवळची काच. पुढं पांढरी टोपी धर आन् आतली तारेची फुली काळी कुळकुळीत दिसेस्तोवर फिरव. मग पुढची काच. समोरची पट्टी लख्ख दिसली पायजे. आन् तिसरं सगळ्यात मोठं. मान हलव. वर-खाली. फुली पट्टीवर सरकली, तर समज यंत्र तुझ्याशी खोटं बोलून राहिलंय."

"आन् न्हाई सरकली तर?"

"तर मान हलवायची थांब. बाया बघून राहिल्या."

यात जादू काही नाही. खिडकीच्या गजाआडून समोरचं झाड बघताना डोकं हलवलं, तर गज झाडावरून इकडून तिकडं सरकतो. कारण गज जवळ, झाड लांब. दुर्बिणीत फुली म्हणजे गज आणि समोरचं चित्र म्हणजे झाड. काच फिरवून दोन्ही एकाच अंतरावर आणून बसवली, की डोकं कुठंही ठेवा, फुली जागची हलत नाही. एवढंच. पण हे एवढंच न केल्यामुळं बांध वितीवितीनं चुकतात.

शिकलेलं इमानानं करायचं, एवढ्यावर मलप्पा थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण प्रत्येक साहेबाचा डोळा वेगळा. दर वेळी साहेबानं वाकायचं, डोळे मिचकवायचे, चिडायचं. म्हणून मलप्पांनी एक सोय काढली. साहेबाच्या डोळ्याला फुली जुळली की डोळ्याजवळच्या पितळी कड्यावर कानशीनं केसाएवढी खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी साहेब जीपमधून उतरायच्या आत कडं त्या खुणेवर. साहेबानं यायचं, वाकायचं, आकडा वाचायचा, चहा प्यायचा. तेरा वर्षांत त्या कड्यावर अकरा खुणा झाल्या. काही लांबचं न दिसणाऱ्या साहेबांच्या, काही जवळचं न दिसणाऱ्यांच्या, आणि एक तर दोन्ही न दिसणाऱ्या पण फार मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबाची. या सोयीनं झालं काय, की दुर्बिणीला कडं असतं आणि ते फिरतं, हेच त्या खात्यात कुणा साहेबाला ठाऊक राहिलं नाही.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. भावाभावांत भांडी वाटावीत तशा कचेऱ्या वाटल्या गेल्या. कपाटं वाटली, टंकयंत्रं वाटली, पंखे वाटले, आणि त्या वाटणीत मलप्पा लातूरच्या मुख्य कचेरीला आले आणि आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. त्यांचं घर चाकूरला. बायको गंगम्मा आणि आता दहावीत असलेली मुलगी रुद्राणी तिथं. शनिवारी संध्याकाळची एसटी धरायची, सोमवारी पहाटेची धरून परत यायचं. हे दोन वर्षं बरं चाललं होतं.

मग एक पावसाळा कोरडा गेला. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गंगम्मा आडाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवा हात कोपरात मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. भरली घागर डोक्यावर चढवता येईना. आड तर आटलाच होता, त्यामुळं त्यांच्या आळीला टँकर सुरू झाला. आठवड्यातून एक खेप. रविवारी सकाळी साडेदहाला. टँकर उभा राहिला की वीस मिनिटांत ज्याचं त्यानं भरून घ्यायचं. एक धड हात आणि एक पोरगी, एवढ्यावर आठवड्याचं पाणी घरात येत नाही. म्हणजे रविवारी सकाळी मलप्पांनी चाकूरच्या घरी असणं, एवढीच त्या घराची मागणी होती.

आणि नेमका रविवारच त्यांच्या हातातून गेला.

त्याच सुमाराला शरदचंद्र साहेब कचेरीचे मोठे साहेब म्हणून आले. मूळचे नांदेडचे. बायको लताबाई तिकडं शाळेत शिक्षिका, मुलं तिकडंच. टंचाईत अधिकाऱ्यानं जिल्हा सोडायचा नाही असा वरून हुकूम, त्यामुळं साहेब लातुरात एकटेच एका मोठ्या बंगल्यात. त्यांच्याकडे सासऱ्यांकडून आलेली एक बारीक गोळीची टू-टू रायफल होती आणि तिच्यावर हातभर लांब परदेशी दुर्बीण. जिल्हा नवा, म्हणून हौशीही नव्या. बापूसाहेब नावाच्या एका बागाईतदारानं रीतसर परवानगी काढून रायफल मंडळ काढलं होतं. नेमबाजी चाले गावाबाहेरच्या एका तलावात. तलाव याच खात्यानं बांधलेला.

"तुमच्या खात्यानं काय सुरेख मैदान बांधलंय साहेब," बापूसाहेब तोंडावर म्हणायचे. "पाण्याचा थेंब आड येत नाही."

पहिल्या रविवारी मलप्पांना नेलं ते निशाणाच्या फळ्या रोवायला. साहेब गादीवर पालथे पडले आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर दहा गोळ्या झाडल्या. लग्नात उधळलेल्या अक्षतांसारख्या त्या कागदभर पडल्या.

"कागदाला लागल्या हेच लई झालं," बापूसाहेब म्हणाले. "बिचाऱ्याचा मान ठेवला तुम्ही."

साहेबांनी वाऱ्याला नावं ठेवली, गोळ्यांना ठेवली, शेवटी गादीलाही ठेवली. मलप्पांना राहवेना. "साहेब, बंदूक रिकामी करून द्या. नळीला हात लावत न्हाई. निस्ती दुर्बीण बघतो."

गळ्यातलं लिंग पाठीवर सारून ते पालथे झाले, डोळा लावला, मान वर-खाली केली. बंदूक वाळूच्या पिशवीवर दगडासारखी स्थिर, आणि फुली मात्र निशाणाच्या काळ्या वर्तुळावर पेढ्यावरच्या माशीसारखी फिरत होती. तेरा वर्षांच्या ओळखीचं खोटं. दुर्बीण लावलेली होती शंभर मीटरला, आणि निशाण पन्नासवर. साहेबाचा गाल दर गोळीला बोटभर इकडंतिकडं टेकायचा आणि तेवढी गोळी भरकटायची. मलप्पांनी पुढच्या काचेचं कडं सैल केलं, काच जरा फिरवली, मान हलवली, परत फिरवली, परत मान हलवली. फुली थांबली. मग पुढं टोपी धरून साहेबाच्या डोळ्याजवळची काच जुळवली आणि बाजूला सरकले.

पुढच्या दहा गोळ्या एका पेढ्याच्या आकारात बसल्या.

"मलप्पा!" साहेब उठून ओरडले. "अरे, तुझ्याशिवाय आमचं पान हलायचं नाही!"

मलप्पांना त्या दिवशी हे कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला जीप दारात. त्याच्या पुढच्याही रविवारी. साहेब कधी पन्नासवर मारत, कधी शंभरावर, आणि दर अंतराला काच नव्यानं जुळवावी लागे. शिवाय आठवडाभर साहेब बंगल्यात बसून एकेक कडं उगाच फिरवत. मग त्यांचा चष्म्याचा नंबर बदलला. मलप्पांनी चाकूरच्या शाखेत जागा रिकामी आहे असं ऐकलं आणि अर्ज टाकला.

हेडक्लार्क व्यंकटीराव देगलूरकडचे. ते शब्द असे मोजून काढतात की जणू प्रत्येकाला वरची मंजुरी लागते. "तुमचा अर्ज, मलप्पा, साहेबांकडं गेलेला हाय. साहेबांनी शेरा मारलेला हाय. शेरा काय हाय, ते मी सांगू शकत न्हाई."

"मग कोण सांगंल?"

"मीच. पण तोंडी. 'सध्या सोडता येत नाही.'"

"का न्हाई?"

"का, ते शेऱ्यात न्हाई."

का ते सगळ्या कचेरीला माहीत होतं.

मधल्या एका बुधवारी किरकोळ रजा काढून मलप्पा घरी गेले. गंगम्मा डाव्या हातानं भाकरी थापत होती. तिचं माहेर उदगीरकडचं. चिडली की आधी शिवाला हाक मारते, मग नवऱ्याला.

"अय्यो शिवा! बुधवारी आलात? टँकर काय बुधवारी येतो व्हय? तुमचा साहेब निशाणा तिथं मारतो आन् लागतो हितं."

"मी काय करू? जीप येऊन उभी राहती."

"बिघडवा की त्याची ती दुर्बीण. तेवढं बी येत न्हाई?"

मलप्पा भाकरीकडं बघत राहिले. बिघडवणं त्यांच्या हातून झालं नसतं. तेरा वर्षांची सवय आड आली असती. पण नीट न करणं, एवढं जमण्यासारखं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी पालथं पडून मान हलवल्याचं नुसतं सोंग केलं आणि बाजूला झाले. साहेबांच्या गोळ्या पुन्हा अक्षता झाल्या. बापूसाहेब खूश. मलप्पा मनात म्हणाले, आता साहेब कंटाळतील, बंदूक पेटीत जाईल, मी एसटीत जाईन.

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाई होते रे तुझी. माझंच चुकलं. आता असं करू, शनिवारी दुपारीच येत जा. निवांत लाव, रविवारी सकाळी परत बघ."

म्हणजे रविवारच्या जोडीला शनिवारही गेला.

त्या आठवड्यात मलप्पांनी मनाशी हिशेब मांडला. काम चांगलं केलं की आपल्यावाचून चालत नाही, आणि वाईट केलं की आपली आणखी गरज लागते. दोन्ही बाजूंनी दार बंद. साहेब तर वाईट माणूस नव्हता. चहा आधी मलप्पांना द्यायचा, भज्यांची पुडी मधे ठेवायचा. रागवायला कुठं जागाच ठेवली नव्हती. वाईट साहेबाच्या तावडीतून माणूस सुटतो, चार लोक त्याच्या बाजूनं बोलतात. भज्यांच्या पुडीविरुद्ध अर्ज कुणाकडं करणार?

एका शनिवारी साहेबांनी स्क्रू बदलायला दुर्बीण बंदुकीवरून काढून त्यांच्या हातात दिली. मलप्पा बांधावर बसले होते. समोरच्या रस्त्यानं अहमदपूरची एसटी चाललेली. सवयीनं त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. खिडकीत बसलेल्या एका बाईच्या मांडीवरची कळशी दिसली, रिकामी, दोरीनं बांधलेली. मागच्या बाकावर एक गडी डुलक्या घेत होता. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. फुली त्या मोकळ्या जागेवर येऊन बसली. मलप्पांनी मान हलवली, फुली हलली नाही. इतकी चोख दुर्बीण त्यांनी आजवर लावली नव्हती. गाडी चाकूरच्या वळणावर गेली आणि धूळ तेवढी दिसत राहिली.

पुढचा जून आला तरी पाऊस नव्हता. आणि अचानक वरच्या कचेरीतून मलप्पांचा बदलीचा आदेश आला. तेव्हाच्या अर्जाची एक प्रत व्यंकटीरावांनी नियमाप्रमाणे वरही पाठवली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. 'तीस जूनपर्यंत चाकूर शाखेत रुजू व्हावे, अन्यथा आदेश रद्द समजावा.' मात्र त्याआधी मोठ्या साहेबांनी सोडल्याची सही करायला हवी.

साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. "एकोणतीसला मंडळाची स्पर्धा आहे मलप्पा. ती होऊ दे. मग बघू."

"कुठंय कागद?" मलप्पांनी बाहेर येऊन व्यंकटीरावांना विचारलं.

"खणात. खण साहेबांचा. कुलूप साहेबांचं. किल्ली साहेबांची. मी निस्तं बघून राहिलो."

एकोणतीस जून, रविवार. स्पर्धा. तीस, सोमवार. आदेश रद्द. 'मग बघू' म्हणजे काय, ते मलप्पांना कळत होतं. साहेब जिंकले तर म्हणतील, तुझ्यामुळं जिंकलो, कसा सोडू? हरले तर म्हणतील, अजून तयारी हवी, कसा सोडू? खोलीत पडल्या पडल्या त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा तपासल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की या खटल्यात एक गोष्ट आपण तेरा वर्षांत कधी केलेलीच नाही. एकाही साहेबाला आपण ती फुली हलताना दाखवलेली नाही.

स्पर्धेला तलावाच्या कोरड्या पोटात शे-दीडशे माणसं जमली. मंडप, सरबताचं पिंप, व्यंकटीराव पांढऱ्या टोपीत. पन्नास मीटरचा पहिला डाव झाला. शरदचंद्र साहेब आणि बापूसाहेब बरोबरीत. आता शंभर मीटर. साहेबांनी बंदूक रिकामी ठेवून, न बघताच हाक मारली, "मलप्पा, चल."

मलप्पा गादीपाशी आले. हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"साहेब, आज मी हात लावत न्हाई."

"का रे? बरं नाही का?"

"बरं हाय. हात बी बरे हायेत. पर लावत न्हाई. तुमी लावा. मी सांगतो."

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मलप्पा, ही वेळ आहे का?"

"हीच हाय साहेब. उद्या तीस तारीख."

बापूसाहेबांना दिवाळी सापडली. "वाहवा! आता खलाशी शिकवणार इंजिनिअरला. चालू द्या साहेब, चालू द्या. आपल्याला घाई नाही, तलावात पाणी यायला अजून अवकाश आहे."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर त्या गर्दीत हे येणारं एकही माणूस नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गादीवर मलप्पांऐवजी साहेब अडकले होते.

"सांग," ते दातांतून म्हणाले आणि पालथे पडले.

"बोट घोड्यापासून लांब ठेवा. डोळा लावा. बंदुकीला ढकलू नगा. आता मान हलवा."

"काय?"

"मान. वर-खाली. गाल उचलून. नंदीबैलावानी."

शे-दीडशे माणसांमध्ये हसू असं फुटलं की सरबतवाल्याच्या हातातून पेला सुटला. मलप्पांचं कपाळ घामानं भिजून विभूती गळ्यापर्यंत आली होती. नोकरी गेली, असं त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. पण साहेबांनी मान हलवली. एकदा. थांबले. दुसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदा हळूच.

"अरे!"

"काय दिसतंय साहेब?"

"हलतेय! बंदूक जागेवर आहे, आणि फुली हलतेय मलप्पा!"

"बंदूक खरी हाय. तुमचं डोकं जिकडं, फुली तिकडं. आन् फुली तिकडं म्हून गोळी तिकडं. आता पुढच्या काचेचं कडं. जरासं. मान हलवा. वाढली का कमी झाली?"

"वाढली."

"मग उलटं फिरवा."

साहेब कडं फिरवत होते आणि मान डोलवत होते. लोक पोट धरून हसत होते. मागं कुणीतरी गुबुगुबु ढोलकीचा आवाज काढला आणि तो इतका हुबेहूब निघाला की खरोखरचा नंदीबैल आला की काय म्हणून दोघांनी वळून पाहिलं. साहेबांना काहीच ऐकू येत नव्हतं. जत्रेत पहिल्यांदा चित्रांच्या पेटीत डोकं घातलेल्या पोरासारखं त्यांचं झालं होतं.

"थांबली!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की बांधावरच्या बाभळीतले होले उडाले. "थांबली मलप्पा! मी हलतोय आणि ती थांबली!"

मग तसेच पालथे राहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे आपल्या लेव्हलच्या यंत्रातही असतं?"

"असतं साहेब."

"मग इतकी वर्षं मी..."

"आमी खुना करून ठेवत होतो. तुमची अकरावी."

साहेबांनी दहा गोळ्या भरल्या आणि झाडल्या. बापूसाहेब दोन गुणांनी जिंकले. साहेबांनी त्याकडं लक्षही दिलं नाही. आपला भोकं पडलेला कागद घेऊन ते मंडपभर फिरले आणि सरबतवाल्यालासुद्धा समजावून सांगितलं की फुली का हलते.

सोमवारी मलप्पा ट्रंक घेऊनच कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर. अकरा वाजले, बारा वाजले. व्यंकटीराव खणाच्या कुलपाकडं बघत होते, मलप्पा व्यंकटीरावांकडं. साडेबाराला जीप आली. साहेब सरळ आत गेले, किल्ली लावली, कागद काढला, सही केली. रोखलेली बंदूक नाही, आंगठा नाही, काही नाही. फक्त एवढं विचारलं, "मान किती वेळा हलवायची असते?"

"फुली थांबेस्तोवर साहेब."

साहेब कागद पुढं सरकवत म्हणाले, "सुटलास."

"तुमी बी सुटाल."

"टंचाई उठेपर्यंत नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "जा. तुझी गाडी जाईल."

पावणेपाचला मलप्पा चाकूरच्या शाखेत रुजू झाले.

आता राहिली एक पैज. राहिलेलं सामान न्यायला मलप्पा गल्लीत आले, तेव्हा हे लिहिणारीनं त्यांना सरळ सांगितलं की काका, येत्या तीन रविवारांत एका सकाळी साहेबांची जीप तुमच्या चाकूरच्या दारात उभी राहणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. मलप्पा म्हणाले, जीप येईल की न्हाई ते ठाऊक न्हाई, पर मला न्यायला येणार न्हाई. ठरलं असं: मलप्पा हरले तर गल्लीच्या मधोमध नंदीबैल करायचा. हे लिहिणारी हरली तर आठ दिवस चाकूरला राहून गंगम्माच्या घरचं पाणी भरायचं. वडिलांसोबत आलेल्या रुद्राणीनं दोघांच्या हातावर हात मारून पैज पक्की केली.

वीस जुलैच्या, म्हणजे तिसऱ्या आणि शेवटच्या रविवारी, जिंकताना हजर असावं म्हणून, हे लिहिणारी सकाळच्या एसटीनं चाकूरला गेली. दहा वाजता वळणावर धूळ उठली, आणि जीप आली. शरदचंद्र साहेब उतरले. हे लिहिणारीनं आनंदानं उडी मारली, रुद्राणीच्या पाठीत धपाटा घातला आणि मलप्पांसमोर दोनदा मान डोलवून दाखवली.

साहेबांच्या हातात बंदूक नव्हती. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला आणि ओट्यावर पसरला. मधोमध पेढ्याएवढ्या जागेत दहा भोकं. "शंभरावर," ते म्हणाले. "कुणी लावून दिली नाही." मग इकडंतिकडं बघत उभे राहिले. "सहजच आलो. रविवार होता."

गंगम्मानं पदर नीट केला, "बसा की साहेब," म्हणाली आणि चहाला आत गेली. चहा होतोय तोवर टँकर आला. आळी धावली. साहेबांनी बाह्या दुमडल्या आणि पाइप धरला. मलप्पा घागरी लावत गेले. वीस मिनिटांत पिंप भरलं, रांजण भरला. साहेबांनी ओल्या हातांनीच चहा घेतला, आणखी एक कप मागून घेतला, मलप्पांच्या खांद्यावर थोपटलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. मलप्पा ओट्यावरच उभे होते. ड्रायव्हरनं गाडी वळवली.

धूळ खाली बसेपर्यंत गंगम्मा रस्त्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "काय ग, मागल्या शिटावर कोन बसलं व्हतं?"

"कुणी नाही," हे लिहिणारीनं कबूल केलं.

"न्हाई ना?" गंगम्मानं डाव्या हातानं कोपऱ्यातली घागर पुढं सरकवली. "शेजारच्या रुद्रप्पाच्या बोरला सकाळी दोन घागरी गढूळ येतंय. आजपास्नं आठ दिस."